एचआयव्ही आणि व्यसन, दोन्ही असलेला तरुण घरात आहे: एआरटीची गोळी, दारू आणि पहिले सहा महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा २१ वर्षांचा, एचआयव्ही जन्मापासून. आईवडील गेले, शहाद्याजवळच्या गावात आजीनं वाढवला. सतराव्या वर्षी दारू सुरू झाली, पुढे दारूसोबत 'कुत्ता गोळी' ही झोपेची गोळी. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो नुकताच घरी आलाय. त्याआधीचे चार-पाच महिने एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारं रोजचं औषध, बंद होती. मामा विचारतात: आधी नशा पक्की सुटू द्यावी आणि मग एआरटी सुरू करावी का? मध्येच पुन्हा प्यायला तर त्या दिवशीच्या गोळीचं काय? आणि घरचे म्हणतात तसं लग्न लावून दिलं तर सुधारेल का?

मामा, नशा पक्की सुटायची वाट पाहू नका. याच आठवड्यात त्याला एआरटी केंद्रात घेऊन जा. पुन्हा प्यायला तर त्या दिवशीही एआरटीची गोळी द्यायचीच. बाकी सगळं उत्तर या दोन वाक्यांभोवती आहे, कारण खानदेशात अशा मुलांची तब्येत बिघडते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी.

बिघडतं कसं ते पाहा. मुलाला कुणीतरी सांगितलेलं असतं की गोळी आणि दारू पोटात एकत्र आली की विष होतं. सांगणारा कधी शेजारी असतो, कधी मेडिकलवाला, कधी धाक बसावा म्हणून खुद्द दवाखान्यातलं माणूस. धाकानं दारू सुटत नाही. मुलगा आज संध्याकाळी बसायचं ठरलं की गोळी टाळतो. दुसऱ्या दिवशी उतरलेली नसते, म्हणून पुन्हा टाळतो. आठवड्यात तीन गोळ्या गेल्या की आता केंद्रात तोंड कसं दाखवायचं, म्हणून महिन्याची तारीख चुकवतो. चार महिने एआरटी बंद पडते ती अशी, एकेका संध्याकाळीनं.

सध्या बहुतेकांना मिळते ती गोळी म्हणजे टीएलडी: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, एकाच गोळीत, दिवसातून एकदा. दारूमुळे या गोळीचं विष होत नाही आणि तिचा परिणामही कमी होत नाही. दारू यकृताचं, झोपेचं, पोटाचं नुकसान करते ते वेगळं, आणि ते खरं आहे. पण दारू प्यायलेल्या दिवशी गोळी टाळली तर त्याच शरीरावर दारूचा मार आणि विषाणूचा मार असे दोन्ही एकदम बसतात. म्हणून मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा: 'प्यायलास तरी गोळी घे, आणि प्यायलास हे सांगायला भिऊ नकोस.' हे वाक्य उच्चारताना घरच्यांना वाटतं की आपण दारूला परवानगी देतोय. तसं होत नाही. गोळी आणि शुद्धीत राहणं यांची गाठ सोडली, तर निदान एक गोष्ट तरी पडझडीतून वाचते.

औषधाची रक्तातली पातळी रोज सारखी राहावी लागते, केळीच्या ठिबकसारखी. पातळी अर्धवट राहिली की विषाणू मरत नाही, वाढत राहतो आणि त्यातूनच औषधाला दाद न देणारे विषाणू तयार होतात. महिन्याच्या ३० गोळ्यांत एखादी चुकणं चालून जातं, दोन-तीनच्या पुढे गेलं की धोका सुरू होतो. डोल्युटेग्राविरला दाद न देणारा विषाणू जुन्या औषधांइतका सहज तयार होत नाही, ही जमेची बाजू. पण जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलांनी लहानपणी जुनी औषधं घेतलेली असतात, मध्ये खंडही पडलेले असतात. त्यामुळे त्यांच्याबाबतीत ही सूट गृहीत धरू नका. गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवलं तर एकच घ्यायची, दोन एकदम नाहीत.

आता घरात जुनी बाटली पडली असेल तर तीच उघडून उद्यापासून सुरू करावी असं वाटेल. करू नका. एवढ्या खंडानंतर प्रतिकारशक्ती किती उरली आहे ते माहीत नाही. आतमध्ये टीबी किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग दबून असेल आणि तो न बघता एआरटी सुरू केली, तर शरीराची ताकद परत येताना तोच संसर्ग एकदम उसळतो. मेंदूचा संसर्ग सापडला तर एआरटी काही आठवडे मुद्दाम मागे ठेवतात. साधा फुप्फुसाचा टीबी असेल तर आधी टीबीची औषधं, आणि साधारण दोन आठवड्यांत एआरटी. हे ठरवायला केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला बघायला हवं. चार प्रश्न ते विचारतीलच: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं. दारू सोडणाऱ्याला घाम आणि वजन घटणं दोन्ही असतं, म्हणून घरचे ही लक्षणं 'नशा उतरतेय' म्हणून सोडून देतात. तुम्ही सोडू नका. तापासोबत डोकं सतत दुखत असेल, मान वाकत नसेल, दिसायला दोन-दोन दिसत असेल, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आला किंवा मानेत गाठ सुजली तर 'गोळी उष्ण पडली' म्हणून बंद करू नका. केंद्रात दाखवा. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, ३५० च्या खाली असेल तर कोट्रायमोक्साझोलची वेगळी गोळी देतात, ती अँटिबायोटिक आहे, तिला ताकदीची गोळी समजून मध्येच सोडायचं नसतं. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी काही महिने सलग गोळ्या घेतल्यावर होते. तो १००० च्या वर आला तर साधारण तीन महिने समुपदेशन करून, गोळ्या नीट चालल्या आहेत हे पाहून पुन्हा तपासतात, आणि मगच औषध बदलायचं की नाही ते ठरतं. त्या तीन महिन्यांत मुलगा खरं सांगत नसेल तर डॉक्टर चुकीचा निष्कर्ष काढतील. म्हणून 'सगळ्या घेतल्या' असं वदवून घेण्यापेक्षा 'किती राहिल्या, मोजू' असं म्हणा. बाटली उलटी करून मोजली की भांडण होत नाही.

एक तपासणी मात्र आवर्जून मागा: हिपॅटायटिस बी आणि सी, म्हणजे यकृताला सूज आणणारे दोन विषाणू. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बीवरही चालतात. ज्याला बी आहे त्यानं एआरटी अचानक सोडली की बीचा विषाणू उफाळून यकृत सुजतं, आणि वर दारू असेल तर परिस्थिती जिवावर बेतते. सी निघाला तर राष्ट्रीय कार्यक्रमातून त्याचं औषध मोफत मिळतं, कोर्स साधारण १२ आठवड्यांचा असतो आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

आता नशेच्या बाजूनं. दारू आणि 'कुत्ता गोळी' या दोन नशा सुटताना सारख्याच धोकादायक आहेत. मालेगाव-धुळे पट्ट्यात या नावानं विकली जाते ती अल्प्राझोलाम, झोपेची आणि घबराटीची गोळी. दारू रोजची असेल आणि एकदम बंद केली तर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. अल्प्राझोलाम अचानक बंद केली तरी फिट येते, तीही काही दिवस उशिरा. म्हणून 'कोंडून ठेवा, आपोआप उतरेल' हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. अल्प्राझोलाम सोडवताना डॉक्टर तिच्याऐवजी लांब पल्ल्याची त्याच जातीची गोळी देऊन दर एक-दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करतात. दारू सुटताना थायमिनचं (जीवनसत्त्व बी१) इंजेक्शन लागतं, आणि ते सलाईनमधल्या ग्लुकोजच्या आधी. उपाशीपोटी महिनोन्महिने प्यालेल्या माणसाला नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावात 'एक बाटली लावा, ताकद येईल' हे फार सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमचा भाचा महिनाभर कोरडा राहिला आहे. हे चांगलं, पण याच काळात एक मोठा धोका असतो. शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचायची तेवढी दारू आणि तेवढ्याच गोळ्या आता एकदम घेतल्या तर श्वास मंद होऊन थांबू शकतो. केंद्रातून आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात जपायचे. तो हाका मारून उठत नसेल, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लिंबूपाणी, दही, आंघोळ यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा, तोंडातली उलटी काढा, १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते खरं सांगा.

दोन डॉक्टर, दोन फायली, आणि मध्ये कुणी नाही, ही या मुलांची नेहमीची अडचण. मानसोपचार तज्ज्ञांना एचआयव्ही सांगितलेला नसतो, एआरटी केंद्रात दारू सांगितलेली नसते. औषधांची टक्कर इथेच होते. फिट किंवा राग यासाठी कार्बामाझेपिन लिहून दिली जाते. ती डोल्युटेग्राविरची पातळी खाली आणते, मग डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं किंवा फिटची गोळी बदलावी लागते. फिनायटॉइन आणि फिनोबार्बिटोन तर टाळलेलीच बरी. लेव्हेटिरासेटाम या फिटच्या गोळीशी असा त्रास नाही. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तेव्हाही डोल्युटेग्राविरचा ५० मिलिग्रॅमचा एक डोस १२ तासांनी जादा लागतो. तोच रिफाम्पिसिन ब्युप्रेनॉर्फिनचा परिणामही कमी करतो, म्हणून अफूजन्य नशेसाठी जिभेखालची ती गोळी घेणाऱ्याला टीबीचं औषध सुरू होताच पुन्हा ओढ लागते, अंग दुखतं, आणि घरच्यांना वाटतं पोरगं नाटक करतंय. डोस वाढवला की थांबतं.

दारूची ओढ कमी करणाऱ्या औषधांतही बघून घ्यावं लागतं. अकॅम्प्रोसेट आणि बॅक्लोफेन मूत्रपिंडातून बाहेर पडतात, टेनोफोविरचा भारही मूत्रपिंडावरच असतो, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी. (डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडासा वाढलेला दिसतो, त्यात दरवेळी किडनी बिघडलेली नसते. आकडा डॉक्टरांना वाचू द्या.) नाल्ट्रेक्सोनच्या आधी यकृताची तपासणी लागते, आणि अफूजन्य काही घेत असेल तर ते द्यायचंच नाही. एकदम तीव्र त्रास सुरू होतो. मजुरी करणारी पोरं अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या रोज घेतात. टेनोफोविरसोबत हे मूत्रपिंडाला जड जातं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही पिणाऱ्याला कमी डोसात आणि डॉक्टरांना विचारून. पित्ताचं पातळ औषध बहुतेक पिणाऱ्यांच्या घरात असतंच. त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे डोल्युटेग्राविर शोषलं जात नाही. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत टीएलडीबरोबर घेतल्या तर चालतात, उपाशीपोटी नाही.

डायसल्फिराम या गोळीबद्दल वेगळं सांगायला हवं. 'नकळत दारू सोडवणारं औषध' म्हणून वरणातून, चहातून दिलं जातं ते अनेकदा हेच असतं. हे पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि कमजोर मुलाचा जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. मुलानं समजून-उमजून, यकृत तपासून, घरच्यांसमोर रोज घ्यायचं ठरवलं तर त्याचा उपयोग आहे. लपून द्यायचं नाही. आणि असं लपून दिल्याचं कळलं की तो घरातलं जेवणही संशयानं बघतो, मग एआरटीची गोळी तरी तुमच्या हातून का घेईल?

पुन्हा केंद्रात ठेवायची वेळ आली तर दाखल करतानाच विचारा: एआरटी कोण देणार, किती वाजता, कोण लिहून ठेवणार? अनेक ठिकाणी दाराशीच सगळ्या गोळ्या काढून घेतात आणि त्या कपाटातच राहतात. मुक्काम जितका, त्याहून दहा दिवसांच्या जास्त गोळ्या सोबत द्या. 'एचआयव्हीचा रिपोर्ट दाखवा, मगच भरती' असं कुणी म्हटलं तर ते बेकायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार, शिक्षण किंवा नोकरी यांच्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही, आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. ज्या केंद्रात मारहाण, साखळी, कोंडणं चालतं तिथून मुलाला काढून आणा. कोणतंही केंद्र मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का, हे आधीच विचारा. शक्य असेल तर धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग गाठा. एकाच आवारात दोन्ही उपचार जुळवता आले की अर्धी धावपळ वाचते.

रोजच्या जगण्यात गोळी बसवायची कशी? आधी वेळ. सुरुवातीच्या महिन्यांत नशा सोडलेल्याची झोप तशीही उडालेली असते, आणि डोल्युटेग्राविरनंही काहींची झोप जाते. अशा मुलाला गोळी सकाळी न्याहारीसोबत द्या. दुसराही फायदा: सकाळी तो शुद्धीत असण्याची शक्यता जास्त. ज्यांना झोपेचा त्रास नाही त्यांनी रात्री घेतली तरी चालते. वेळ बदलली तर मग तीच पाळा.

सगळ्यांसमोर 'गोयी लिधी का?' (गोळी घेतली का?) असं ओरडून विचारू नका. पाहुण्यांसमोर, चावडीवर, शेतात मजुरांसमोर हे विचारलं की पोरगं गोळीवरच चिडतं. दोघांत एक खूण ठरवा. फोनवर 'जेवण व्हयनं का?' विचारलं आणि त्यानं 'व्हयनं' म्हटलं की गोळी झाली, असं ठरवता येतं. खानदेशात हा प्रश्न कुणीही कुणाला विचारतो, ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

बाटली खुळखुळते म्हणून मुलं ती कामावर नेत नाहीत. वरती थोडा कापूस घाला. आतली ओल शोषणारी पुडी मात्र काढू नका. जळगाव-भुसावळकडचा मे महिना पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या फळीवर, मोटारसायकलच्या डिकीत, ट्रकच्या काचेपाशी गोळ्या ठेवू नका. घरातला सगळ्यात गार, कोरडा कोपरा शोधा, माठाच्या अगदी शेजारची ओली जागा नको. दोन-तीन गोळ्या आजीकडे वेगळ्या ठेवा, बाटली हरवली किंवा विसरली तर त्या दिवसापुरत्या.

नंदुरबार, धडगाव, तळोद्याकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणं असतं. मुकादमाची उचल हातात पडते तो दिवस पुन्हा पिण्याचा सगळ्यात पक्का दिवस. उचल त्याच्या एकट्याच्या हातात रोख पडू देऊ नका. खात्यावर घ्या, किंवा तुम्ही सोबत असा. तब्येत स्थिर असेल तर केंद्र तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम देऊ शकतं. मुक्काम लांबणार असेल तर तिथल्या केंद्रात नाव हलवून घेता येतं, त्यासाठी निघण्याआधी इथं कागद करून घ्यावा लागतो. तिथं पोचल्यावर फोन करून होत नाही. आठवडे बाजाराचा दिवस, हळद आणि वरात, सारंगखेड्याची यात्रा, होळीच्या आधीचा भोंगऱ्या, मोहाची फुलं वेचण्याचे दिवस: हे सगळे आधीच दिनदर्शिकेवर लिहा आणि त्या दिवशी तो कुणासोबत, किती वाजेपर्यंत, हे त्याच्याशी बसून ठरवा. ओढ लागते ती लाट साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायला एक माणूस, एक फोन नंबर आणि पोटात काहीतरी असलं तर पुष्कळदा निभतं. रिकामं पोट, झोप न झालेली आणि खिशात रोख, हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. खायला महाग काही लागत नाही: कळण्याची भाकरी, वरण, शेंगदाणे, केळी, अंडी.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का तेही बघा. दारूनं अंगातलं पाणी कमी होतं आणि सिकलसेल असणाऱ्याला वेदनांचा झटका येतो. मग तो दुखण्यासाठी पुन्हा नशेकडे वळतो.

प्यायला, असं समजा. त्या रात्री भांडू नका, शपथा घालू नका. गोळी राहिली असेल तर द्या. गोळी घेतल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत उलटीत पडली तर दुसरी द्या. कुशीवर झोपवा. दुसऱ्या दिवशी दुपारी, पोटात अन्न गेल्यावर, एवढंच विचारा: कुठे होतास, कोण होतं, त्याआधी दिवसभर काय झालं होतं? दोन-तीन दिवसांत समुपदेशकाला भेटवा. एका दिवसाचं घसरणं महिन्याचं होतं ते बहुतेक वेळा लाजेमुळे, आणि ती लाज वाढवायची की कमी करायची हे घरच्यांच्या हातात असतं. रोजचंच पिणं पुन्हा सुरू झालं असेल तर मात्र घरीच अचानक बंद करायला लावू नका, वर लिहिलेला फिटचा धोका आहे. डोळे पिवळे, रक्ताची उलटी, फिट, भ्रम, यातलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णालय.

जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं गोळी 'विसरतात' असं आपण म्हणतो. पुष्कळदा ती विसरत नाहीत. गोळी रोज आठवण करून देते की आई गेली ती याच आजारानं, आणि हे मला तिनंच दिलं. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या मनात राग, प्रेम आणि अपराधीपणा एकाच वेळी असतो आणि घरात त्यावर कुणी बोलत नाही. त्याला त्याचा आजार कुणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगितला हे आजीला विचारा. अनेकांना 'रक्त कमी आहे म्हणून गोळ्या' एवढंच सांगितलेलं असतं आणि खरं त्यांना मोबाईलवरून किंवा मित्राच्या टोमण्यातून कळतं. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडे हा विषय काढा, जमलं तर अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्याकडे. याच आजारासह जगणाऱ्या, नोकरी-संसार करणाऱ्या एखाद्या थोड्या मोठ्या तरुणाची गाठ केंद्राच्या मदतीनं पडली, तर तुमच्या दहा समजावण्यांपेक्षा ती उपयोगी पडेल. 'जगून काय करू' असं तो म्हणत असेल तर थेट विचारा: 'मरायचा विचार येतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, शेतातली फवारणीची औषधं कुलपात घाला आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला.

लग्नाबद्दल. 'दोनाचे चार हात झाले की सुधारेल' म्हणून या वर्षी लग्न लावू नका. नशेतून बाहेर पडण्याची जबाबदारी एका परक्या मुलीवर टाकण्याचा कुणालाही हक्क नाही. पुढे, वर्षभर नशा नाही, गोळ्या सलग आणि व्हायरल लोड दबलेला, असं झालं तर तो लग्न जरूर करू शकतो. रोज गोळी घेऊन विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबला असेल तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. मुलं निरोगी होऊ शकतात. पण मुलीला लग्नाआधी खरं सांगायचं, तिचा होकार ते कळल्यानंतरचा असायला हवा. संबंधांआधी खबरदारी घेणं आणि माहिती देणं याची जबाबदारी कायदाही एचआयव्हीबाधित व्यक्तीवर टाकतो. विषाणू दबल्याचं हे आश्वासन सुईला मात्र लागू नाही. कुणी सुईनं नशा करत असेल तर सुई, सिरिंज, पाणी, चमचा काहीच वाटून घ्यायचं नाही. सुई किंवा निरोध न वापरलेल्या संबंधामुळे कुणाला धोका पोचला तर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, सरकारी रुग्णालयात गेलं तर २८ दिवसांचं प्रतिबंधक औषध मिळतं.

तंबाखू आणि गुटखा आता लगेच सोडवायचा का, यावर मतं वेगळी असतात. मुलगा तयार असेल तर सोबतच सोडवावा, दारू सुटण्यात त्यानं अडथळा येत नाही. तयार नसेल तर त्यावरून रोज वाद घालून एआरटी आणि दारू या दोन्ही आघाड्या गमावू नका. मोफत सल्ला १८००-११-२३५६ वर मिळतो.

पहिल्या भेटीला जाताना एआरटीची पुस्तिका, व्यसनमुक्ती केंद्राचा डिस्चार्ज कागद, सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी (मेडिकलमधून स्वतः घेतलेल्याही) आणि जुनी बाटली उरलेल्या गोळ्यांसह न्या. पुस्तिका हरवली असेल तरी अडत नाही, जुन्या केंद्रात नोंद असते. सकाळी लवकर पोचा, रक्ताचे नमुने बहुतेक ठिकाणी दुपारपर्यंतच घेतात. आत गेल्यावर खंड किती महिन्यांचा आहे ते कमी करून सांगू नका. मानसोपचार तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर 'एआरटी: टीएलडी' आणि एआरटी पुस्तिकेत मानसोपचाराची औषधं, असं दोन्हीकडे लिहून घ्या. एसटीच्या प्रवास सवलतीचा दाखला आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज याबद्दल तिथंच विचारा. सवलतीचा पास दाखवला की गावच्या गाडीत वाहकाला कळेल, हे मुलाला आधी सांगा आणि वापरायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर १०९७, नशेबद्दल १४४४६, दोन्ही नंबर मोफत आहेत. तपासणीच्या खोलीत भाच्याला काही वेळ एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.